पांढरं कोरणारे हात

नासपतीच्या लाकडाच्या लहानशा फळीवर मी एक रेघ काढली आणि सुरी घेतली. लाकडी ठशात रेघ कोरायची नसते, ती राखायची असते. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. एका बाजूला दोन तिरपे काप, दुसऱ्या बाजूला दोन. चौथ्या कापाला सुरी सटकली आणि रेघ तुटली. तुटलेली रेघ पुन्हा जोडता येत नाही.

त्यानंतर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचे ‘चार घोडेस्वार’ पाहताना नजर घोड्यांच्या आयाळीतच अडकली. बायबलमधल्या जगाच्या अंतावर त्याने अशी 15 मोठी ठशाची चित्रं केली आणि 1498 मध्ये न्युरेम्बर्गला ती जर्मन व लॅटिन मजकुरासह छापली. त्या गावात चित्र रेखाटणारा एक आणि ठसा कोरणारा दुसरा, अशी रीत होती. कोरणाऱ्याला फॉर्मश्नायडर म्हणत. बहुतेकांची नावं चित्रावर नाहीत.

छपाईच्या शिशाच्या खिळ्यांसारखीच लाकडातली रेघही वर उठलेली असते. म्हणून अक्षरं आणि चित्र एकाच दाबात छापता येत. स्वस्तात, शेकड्यांनी.

पण युरोपात छापील पुस्तकं येण्याआधीच लाकडी ठशांचे कागद घराघरांत पोचले होते. 1423 सालचा एक संत क्रिस्टोफर आज मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. त्याचं मुख पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, ही तेव्हाची श्रद्धा. इटलीतल्या फोर्लीमध्ये 1428 साली एका शाळेला आग लागली. भिंतीवरचं मेरीमातेचं छापील चित्र तेवढं वाचलं, आणि गावाने ते कॅथेड्रलमध्ये नेऊन पूजलं. असे कागद लोक भिंतीवर लावत, पेटीच्या झाकणात आतून चिकटवत. बहुतेक वापरातच झिजून गेले. ज्याला रंगवलेलं चित्र परवडत नव्हतं, त्याच्या घरी देव कागदावरून आला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ड्यूररच्या ‘सिंहाला फाडणारा सॅमसन’ या चित्राचा मूळ ठसा जपलेला आहे. तोही नासपतीच्याच लाकडाचा.

असं चित्र कधी समोर आलं, तर काळ्या रेघांइतकंच त्यांच्यामधलं पांढरंही पाहा. त्यातला प्रत्येक ठिपका कुणीतरी न चुकता कोरून काढलेला आहे.