वसई: ५ मे की १६ मे?

केतकरांच्या ज्ञानकोशावर आज लिहायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो आहे, कारण डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आणि माझा सगळा आठवडा त्यातल्या प्रश्नामागे गेला. शाळेतल्या मुलांसाठी त्या वसईच्या मोहिमेचा तक्ता करत आहेत. पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली ती तारीख एका पुस्तकात ५ मे १७३९ आहे, दुसऱ्यात १६ मे १७३९. दोन्ही पुस्तके जाणत्या लेखकांची. खरी कोणती मानायची, आणि ज्याची चूक आहे त्या प्रकाशकाला कळवायचे का, असे त्यांनी विचारले आहे.

कळवायचे कारण नाही. दोन्ही तारखा खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच दिवसाच्या आहेत. तो दिवस होता शनिवार.

युरोपात जुने वर्ष ज्युलियन पद्धतीचे होते. ते खऱ्या सौर वर्षापेक्षा साधारण अकरा मिनिटांनी मोठे, त्यामुळे शतकाशतकाने ऋतू आणि तारखा यांची फारकत होत गेली. १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने दहा दिवस गाळून टाकले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरला. पोर्तुगालने हा बदल लगेच स्वीकारला. इंग्लंडने मात्र पोपचे म्हणणे मानायला १७५२ साल उजाडू दिले. तोपर्यंत आणखी एका दिवसाचा फरक पडला होता, कारण १७०० हे साल ज्युलियन पद्धतीत लीप वर्ष होते आणि ग्रेगरियन पद्धतीत नव्हते. म्हणून शिवकालात दोन पद्धतींत दहा दिवसांचे अंतर आणि १७०० च्या फेब्रुवारीनंतर अकरा दिवसांचे. इंग्रजांनी १७५२ च्या २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर मोजला आणि हा घोळ संपला.

आता हे आपल्या खाडीवर आणून पाहा. मुंबई बेटावर इंग्रज, साष्टीत आणि वसईला पोर्तुगीज. १७३७ पूर्वी माहीमहून होडीत बसून पलीकडे वांद्र्याला उतरणारा माणूस काही मिनिटांत अकरा दिवस पुढे जात असे. वारही तोच, चंद्रही तोच, कागदावरची तारीख तेवढी वेगळी. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी घेतला तो इंग्रजी जुन्या हिशेबाने १७३७ च्या मार्चअखेरीस. पोर्तुगीज कारकुनाच्या वहीत तेव्हा एप्रिल लागला होता. त्यात इंग्रजांचे सरकारी वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतच्या त्यांच्या जुन्या कागदांवर पुष्कळदा वर्षाचा आकडा एकने मागचा दिसतो.

मराठी इतिहासकारांचा रिवाज असा की, १७५२ पर्यंतच्या घटनांना जुनी इंग्रजी तारीख द्यायची. लिस्बन आणि गोव्याची कागदपत्रे वापरणारे अभ्यासक पोर्तुगीज तारीख देतात. वसईचा तह झाला ५ मे जुना किंवा १६ मे नवा, आणि पोर्तुगीज वसई सोडून बाहेर पडले १२ मे जुना किंवा २३ मे नवा. बाईंनी तक्त्यावर यातली कोणतीही एक जोडी लिहावी आणि शेजारी पद्धत नोंदवावी. एवढेच सांभाळावे की, एक तारीख या पुस्तकातली आणि दुसरी त्या पुस्तकातली घेऊ नये. तह ५ मे आणि निर्गमन २३ मे असे लिहिले, तर पोर्तुगीज हरल्यावर अठरा दिवस किल्ल्यात बसून राहिले असे मुले समजतील. प्रत्यक्षात ते सातव्या दिवशी निघाले.

शिवाजी महाराजांच्या तारखांनाही हाच नियम. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या पद्धतीची तारीख आहे. आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. मूळ कागदात मात्र या दोन्ही नाहीत. तिथे आहे ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. वसईला वेढा घालून बसलेल्या चिमाजी अप्पांच्या छावणीतही कोणी ‘मे’ म्हणत नव्हते. मग ५ मे आला कुठून? तो आला जंत्रीतून, आणि आजचा हप्ता खरे तर या जंत्रीसाठी आहे.

इतिहासाची संदर्भपुस्तके सांगा म्हटले की लोक कोशांची, रियासतींची, चरित्रग्रंथांची नावे घेतात. जंत्रीचे नाव कोणी घेत नाही, कारण तिच्यात वाचायला काही नसते. पानेच्या पाने नुसते आकडे. ज्या दिवसाचा शोध आहे त्या दिवसाच्या ओळीत इंग्रजी तारीख, वार, हिंदू तिथी आणि मुसलमानी तारीख शेजारी शेजारी बसलेल्या असतात. शक, संवत्सर, सुहूर, फसली, हिजरी ही सगळी वर्षेही जुळवून दिलेली असतात. शकावलीशी तिची गल्लत करू नये. शकावलीत घटना असतात, जंत्रीत फक्त दिवस. पण एकीवाचून दुसरीचे चालत नाही. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार अशी आहे. जंत्रीने ती तिथी १९ फेब्रुवारी १६३० ला नेऊन ठेवली, आणि त्या दिवशी वार शुक्रवारच निघतो. कालगणना कितीही बदलल्या तरी वारांची साखळी कुठे तुटलेली नाही. म्हणून जुन्या कागदात वार सापडला की मला हायसे वाटते. तोच सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार.

वसईच्या दिवसांत लिहिलेल्या एखाद्या मोडी पत्राची तारीख कशी असेल ते पाहू. ‘छ ७ सफर, सु॥ तिसा सलासीन मया व अलफ’ अशा घाटाची. छ म्हणजे चांद्र दिवस, सफर हा मुसलमानी महिना, आणि पुढे अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन. हे शब्द घाबरवतात, पण संध्याकाळभरात पाठ होतात. एक ते नऊ: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर, पुढचे दशक अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभराला मया, हजाराला अलफ. आधी एकम, मग दशक, मग शतक, मग हजार असा उलटा क्रम. वरची बेरीज नऊ, तीस, शंभर, हजार, म्हणजे ११३९. जानेवारीपासून मृग लागेपर्यंतच्या दिवसांसाठी त्यात ६०० मिळवायचे, मृगानंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५९९. मे महिना मृगाच्या आधीचा, म्हणून १७३९. पानिपतचा दिवस, १४ जानेवारी १७६१, इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, या सनात पडतो तो याच हिशेबाने.

या सनाचे वर्ष सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवे साल, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शेतकऱ्याचा हंगाम आणि सरकारचा वसूल यांना ते सोयीचे. पण दिवस आणि महिना मात्र चांद्र, हिजरी पंचांगातले. सौर वर्ष ३६५ दिवसांचे आणि बारा चांद्र महिने ३५४ दिवसांचे. म्हणजे दर सुहूर सालात दहा-अकरा चांद्र तारखा दोनदा येणार, एकदा सालाच्या आरंभी आणि एकदा शेवटी.

मी वसईच्या सालापुरता हिशेब मांडून पाहिला. सुहूर ११३९ हे साल १७३८ च्या मृगापासून १७३९ च्या मृगापर्यंतचे. या सालात दोनदा येणाऱ्या तारखा नेमक्या सफर महिन्याच्याच, साधारण १६ ते २६. छ ७ सफर एकदाच येतो आणि तो शरणागतीच्या सुमाराचा. पण एखाद्या पत्रावर छ २० सफर असेल तर? ते १७३८ च्या जूनमधले असेल, जेव्हा वसईचा शेवटचा वेढा पडायला आठ महिने अवकाश होता. किंवा ते १७३९ च्या मेअखेरचे असेल, जेव्हा वसई मराठ्यांच्या हाती येऊन काही दिवसच झाले होते. सन तोच, महिना तोच, दिवस तोच. त्या पत्रात ‘वसईचा बंदोबस्त करावा’ एवढेच लिहिलेले असेल, तर एका अर्थाने ती हल्ल्याची तयारी आणि दुसऱ्या अर्थाने जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था. अशा वेळी पत्रात वार आहे का ते पाहायचे. दोन सफरांत ३५४ दिवसांचे अंतर, म्हणून वार चार घरे पुढे सरकतो आणि निकाल लागतो. वार नसेल तर पावसाचा, पेरणीचा, खाडीतल्या गलबतांचा उल्लेख शोधायचा. य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ वाचताना मी अशा जागी थांबतो आणि जंत्री उघडतो. वाचन संथ होते, पण मोहीम दिवसादिवसाने डोळ्यांपुढे उभी राहते.

आता पुस्तके. शिवकालासाठी खरे जंत्री. पेशवाईच्या सुरुवातीच्या काळापासून पुढे बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री, १७२८ पासूनची, म्हणजे वसईचा काळ तिच्यात येतो. मोडक कोल्हापूरला राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवीत, आणि ती शिस्त त्या आकड्यांत दिसते. त्याहून मागे जायचे तर स्वामिकन्नू पिल्ले यांचे ‘इंडियन एफेमेरिस’, इसवी सन ७०० ते १७९९. ते इंग्रजीत आहे, पण आकड्यांना भाषेची अडचण नाही. कोणतीही जंत्री वापरण्यापूर्वी तिची प्रस्तावना वाचावी आणि १७५२ पूर्वीच्या तारखा कोणत्या पद्धतीने दिल्या आहेत ते पाहून ठेवावे. आणि या सगळ्याची रीत सोप्या भाषेत समजून घ्यायची असेल, तर ग. ह. खरे यांचे ‘संशोधकाचा मित्र’. नाव अगदी सार्थ आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहून जुने, १८६४ चे. दोन्हीकडे संदर्भ विभागात ही नावे लिहून द्या आणि विचारा. कपाटातली अशी पुस्तके कोणी मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

एक नाव ठाणेकरांना वेगळे सांगायला हवे. शंकर बाळकृष्ण दीक्षित, कोकणातल्या मुरूडचे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. नोकरीच्या फिरतीत काही काळ ते ठाण्यातही होते. गुप्तांच्या शिलालेखांतल्या तिथी ताडून पाहायला फ्लीटसारख्या पंडिताने यांचे गणित घेतले. मद्रासकडचे अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ लिहिले, ते १८९६ साली निघाले. त्याच साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथही निघाला. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिशीत, ते गेले. शाळेत मुलांना शिकवून उरलेल्या वेळात एका माणसाने हे केले, आणि त्यानंतर भारताच्या इतिहासातली तारीख ठरवणारा प्रत्येक जण या ना त्या वाटेने त्यांच्या गणितावर उभा राहिला. ठाण्यात त्यांच्या नावाची एखादी खूण असायला हवी असे मला फार वाटते.

तारखेतला एक आकडा काय करू शकतो याचे उदाहरण कल्याणच्या शेजारीच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखाचे वर्ष भाऊ दाजी लाड यांनी शक ७८२ असे वाचले होते. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ असल्याचे दाखवले. एका अंकाच्या वळणाने मंदिर इसवी सन ८६० मधून १०६० मध्ये आले. लेखातला शिलाहार राजा मुम्मुणी याचे शक ९७० च्या सुमाराचे ताम्रपट सापडले आहेत, त्यांच्याशी हा आकडा बरोबर जुळतो. दगड तोच राहिला, दोनशे वर्षे मात्र सरकली.

घरी सराव करायचा असेल तर भिंतीवरचे कालनिर्णय पुरे. त्यात तिथी आणि मुसलमानी महिना दोन्ही असतात. महिनाभर रोज दोन्ही ताडून पाहा. अमावास्येनंतर चंद्र दिसला की मुसलमानी महिना लागतो, म्हणून त्याची पहिली तारीख बहुधा शुद्ध द्वितीयेच्या आसपास येते, आणि छ १७ म्हणजे वद्य तृतीयेच्या जवळपास, हे आपोआप अंगवळणी पडते. राज्याभिषेक शक आणि फसली सन यांचे हिशेब याहून सोपे आहेत, ते जागा मिळेल तेव्हा.

कल्याण-डोंबिवलीकरांसाठी एक गणित ठेवतो. कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली तो दिवस अश्विन वद्य १२, शके १५७९, वसुबारस. जुन्या पद्धतीने २४ ऑक्टोबर १६५७. त्या दिवशीचा सुहूर सन अरबी शब्दांत कसा लिहिला असता, आणि नव्या पद्धतीने इंग्रजी तारीख कोणती येते, हे वरच्या नियमांनी काढून पाहा. ऑक्टोबर मृगानंतरचा आहे आणि १६५७ हे साल १७०० च्या आधीचे, एवढे ध्यानात ठेवा. उत्तर पुढच्या आठवड्यात, ज्ञानकोशाच्या आधी.