सिलिंडर गोठ्यातच आहे!

शेतकरी बंधूंनो, सिलिंडरसाठी तालुक्याला हेलपाटे घालता, अन् गोठ्यातलं शेण उकिरड्यावर वाळतं! चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. रोज सुमारे ५० किलो ताजे शेण तेवढ्याच पाण्यात कालवून घाला. पूर्ण क्षमतेने चालल्यास महिन्याला १४.२ किलोच्या जवळजवळ दोन सिलिंडरइतका गॅस मिळतो. थंडीत मात्र घटतो. शेजाऱ्याचं पाहून मोठा बांधू नका. पोटभर शेण न मिळाल्यास तो बंदच पडायचा. आधी आठवडाभर शेण मोजा. गोवरी जाळली की खत गेलं. इथं मळी शेताला मिळते. ग्रामपंचायतीनेही गावातील बंद संयंत्रांची पाहणी करून दुरुस्तीला हात घालावा.