५९ मतं आणि शपथेतला एक शब्द

आजच्या एपिसोडमध्ये जाऊया १८०७ सालच्या कॅनडात. आजच्या क्वेबेक प्रांताला तेव्हा ‘लोअर कॅनडा’ म्हणायचे आणि तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं. मॉन्ट्रियल आणि क्वेबेक शहराच्या मधे, सेंट लॉरेन्स नदीकाठी त्रुआ-रिव्हिएर नावाचं गाव आहे. तिथले आमदार जॉन लीस वारले आणि पोटनिवडणूक लागली.

तारीख ११ एप्रिल १८०७. गुप्त मतदान नव्हतंच. सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या उमेदवाराचं नाव सांगायचं. उमेदवार चार, मतं पडली ११६. त्यातली ५९ एकट्या एझिकेल हार्ट यांना! हार्ट गावातले व्यापारी, धर्माने ज्यू. गावात वस्ती मात्र बहुतांश फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिकांची.

लोकांनी तर निवडलं. अडलं पुढे. आमदाराच्या शपथेत ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेने’ असे शब्द होते. जानेवारी १८०८ मध्ये हार्ट यांनी डोकं झाकून शपथ घेतली आणि ‘ख्रिस्ती’च्या जागी ‘ज्यू’ म्हटलं. २० फेब्रुवारीला सभागृहाने ठराव केला: ज्यू माणूस इथे बसू शकत नाही.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे असं दिसतं: अकाउंट तयार झालंय, पण लॉगिन होत नाहीये.

त्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक झाली. गावाने पुन्हा हार्ट यांनाच निवडलं. या वेळी त्यांनी शपथ ख्रिस्ती पद्धतीने, जशी लिहिली होती तशीच घेतली. तरीही १८०९ मध्ये त्यांना परत बाहेर काढलं! म्हणजे बघा, अडचण नुसती शपथेच्या शब्दांची असती तर ती आता मिटायला हवी होती. पण धर्म आड येत होताच, शिवाय हार्ट इंग्रज गटाला बळ देतील ही भीती फ्रेंच बहुमताला होती.

शेवटी १८३२ मध्ये याच लोअर कॅनडात ज्यूंना समान नागरी हक्क देणारा कायदा झाला. लंडनच्या संसदेत लिओनेल रॉथ्सचाइल्ड १८४७ मध्ये निवडून आले, पण अशाच शपथेमुळे त्यांना बसायला १८५८ उजाडलं. वसाहत इथे राजधानीच्या पुढे गेली.

मला यातून एक गोष्ट पटते. मत कोण देऊ शकतं हे आपण नेहमी विचारतो. निवडून आलेल्याला आत कोण येऊ देतं, हेही तेवढंच विचारायला हवं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!