आयुर्मान आणि अर्धायुष्य : ट्रॉम्बेचे तंत्र व लासलगावचा कांदा

एखादी वस्तू किती काळ टिकते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः एका आकड्यात दिले जाते. तो आकडा कोणत्या कारणाने ठरतो हे मात्र क्वचितच विचारले जाते. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले अन्नविकिरणाचे तंत्र या दृष्टीने उद्बोधक आहे. कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी समस्थानिक आणि कांदा, अशी दोन सर्वस्वी भिन्न स्वरूपाची आयुष्ये त्यात एकत्र येतात.

कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. म्हणजे तेवढ्या काळात निम्म्या अणूंचे निकेलमध्ये रूपांतर होते. उरलेल्यांपैकी निम्मे पुढील ५.२७ वर्षांत. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, अणू म्हातारा होत नाही. वीस वर्षे टिकलेला अणू आणि आज निर्माण झालेला अणू यांची पुढील वर्षी विघटन पावण्याची शक्यता समानच असते. उपाहारगृहातील काचेचा पेला बराचसा याच जातीचा होय. तो झिजून नव्हे, हातातून निसटून संपतो. (ब्राऊन व फ्लड यांनी १९४७ मध्ये अशा पेल्यांच्या 'मृत्यूं'वर संख्याशास्त्रीय निबंधच प्रसिद्ध केला होता.) सजीवांचे तसे नाही. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्ये दाखविल्याप्रमाणे प्रौढ माणसाच्या मृत्यूचा संभव वयाबरोबर गुणाकाराने वाढत जातो.

कांदा हा सजीवच आहे. काढणीनंतर काही आठवडे तो सुप्तावस्थेत असतो. ती संपली की आतील अंकुर वाढू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत निघालेला रब्बी कांदा चाळीत साठवून पावसाळ्यानंतरच्या चढ्या भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान तीन वाटांनी होते : कोंब येणे, सडणे आणि वजन घटणे. सुमारे ६० ते ९० ग्रे एवढी अल्प गॅमा मात्रा दिल्यास अंकुरातील पेशींचे विभाजन थांबते व कोंब येत नाहीत. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही. भारतात या प्रक्रियेस १९९४ मध्ये मान्यता मिळाली आणि २००२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे 'कृषक' हे केंद्र उभे राहिले.

तथापि, तीनपैकी एकच वाट येथे बंद होते. एवढ्या अल्प मात्रेने बुरशी व जीवाणू मरत नाहीत, बाष्पीभवनही थांबत नाही. पावसात भिजलेला वा नीट न सुकविलेला कांदा विकिरणानंतरही सडतो. म्हणून हवेशीर चाळीची वा शीतगृहाची गरज कायम राहते. शिवाय मात्रा सुप्तावस्थेतच, म्हणजे काढणीनंतर दोन-तीन आठवड्यांत द्यावी लागते. अंकुर वाढू लागल्यावर दिल्यास लाभ घटतो आणि मृत अंकुर आत तपकिरी दिसू लागतो. 'विकिरणाने कांदा इतके महिने टिकतो' हे विधान म्हणूनच अपुरे ठरते.

खरी अडचण दोन आयुष्यांच्या विसंगतीत आहे. कोबाल्टचा स्रोत दरवर्षी सुमारे १२ टक्क्यांनी क्षीण होतो, मग त्याखालून माल जावो अथवा न जावो. यंत्र बंद ठेवून त्याचे आयुष्य वाचविता येत नाही. स्रोत निम्मा झाला की तीच मात्रा देण्यास दुप्पट वेळ लागतो, आणि नवा कोबाल्ट अणुभट्टीत तयार करून आणावा लागतो. उलट रब्बी कांदा येतो तो थोड्या आठवड्यांत, प्रचंड प्रमाणात. त्यातच २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर कीडनियंत्रणासाठी लासलगाव येथे किमान ४०० ग्रे मात्रेची प्रक्रिया होऊ लागली, आणि आंब्याचा हंगामही नेमका तोच. आंबा निर्यातीचा, मोलाचा व अधिक दर सोसणारा. कांदा स्वस्त आणि अवजड. एकाच स्रोतासमोर हे दोघे उभे राहिले की कोणाला आधी स्थान मिळेल, हे भौतिकशास्त्र ठरवीत नाही.

वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत केंद्र चालते ठेवण्यासाठी अन्य माल लागतो. मसाल्यांना कित्येक किलोग्रे, म्हणजे कांद्याच्या शेकडो पट नसली तरी शंभराच्या आसपास पट मात्रा द्यावी लागते. त्यासाठी नवी मुंबईत वाशी येथे २००० मध्ये स्वतंत्र संयंत्र सुरू झाले. ट्रॉम्बे येथील 'आयसोमेड' १९७४ पासून वैद्यकीय साहित्याच्या निर्जंतुकीकरणासाठी उभे राहिले. त्याला हंगामाचे बंधन नव्हते, कारण रुग्णालयांना निर्जंतुक साहित्य बारमाही लागते. कांद्याच्या केंद्राला मात्र चैत्र-वैशाखातच वर्षभराचे गणित जुळवावे लागते.