'पी ०४२०' : एका दोषसंकेताचा अर्थविचार

चिन्ह व त्याने सूचित होणारी वस्तू यांत गल्लत झाली म्हणजे अर्थाचा अनर्थ कसा होतो, याची उदाहरणे व्याकरणग्रंथांबाहेरही सापडतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत व पिकअप ट्रकांत इंजिनाच्या धुरावर देखरेख ठेवणारी संगणकीय योजना सक्तीची आहे. दोष आढळताच ती दिवा लावते व एक अक्षर आणि चार अंक यांचा संकेत नोंदविते. 'पी ०४२०' हा त्यांपैकी पुन्हा पुन्हा उपस्थित होणारा एक संकेत होय.

त्याचे पदच्छेद करावयाचे झाल्यास 'पी' म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग. शून्य म्हणजे सर्व निर्मात्यांस समान असा संकेत. चार म्हणजे धूरनियंत्रणाची साहाय्यक साधने. संपूर्ण विधान असे: 'पहिल्या बाजूच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (यास पुढे उत्प्रेरक म्हटले आहे) कार्यक्षमता ठरीव मर्यादेखाली आहे.' कारागीर मात्र 'उत्प्रेरक गेला' असे वाचतो आणि मालकास मोठ्या खर्चात पाडतो.

वस्तुतः हे प्रत्यक्ष नसून अनुमान आहे. उत्प्रेरकाच्या पुढे व मागे प्राणवायू मोजणारा एकेक सेन्सर असतो. पुढच्याचा विद्युद्दाब साधारणतः ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान हेलकावे खातो. उत्प्रेरक प्राणवायू साठवितो व सोडतो, म्हणून मागचा बहुतांशी स्थिर राहतो. मागचा पुढच्याची नक्कल करू लागला की संगणक उत्प्रेरकास दोषी ठरवितो. धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या आपल्या नैयायिकांनी येथे लगेच विचारले असते : हेतू सव्यभिचार तर नाही? धूर नेण्याच्या नळीच्या सांध्यातून बाहेरची हवा शिरत असल्यास किंवा सेन्सरच जुना झाला असल्यासही हे लक्षण दिसू शकते.

'पहिली बाजू' हे पदही सापेक्ष आहे. पहिला सिलिंडर ज्या बाजूस, ती पहिली. फोर्डच्या व्ही-८ इंजिनात ती चालकाच्या उजवीकडे, तर शेव्हरोलेच्या व्ही-८ मध्ये डावीकडे असते. चांगला भाग काढून फेकला जाण्यास एवढे अज्ञान पुरे.

संकेत पुसल्याने दोष जात नाही, केवळ स्मृती जाते. चाचणी योग्य वेग व तापमान लाभल्यावरच होते, आणि दिवा बहुधा लागोपाठच्या दुसऱ्या फेरीत ती फसल्यावर लागतो. म्हणून चार दिवसांची शांतता हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे. नवा उत्प्रेरक बसवूनही काही महिन्यांनी संकेत परतला, तर इंजिन तेल जाळते काय, किंवा पी ०३०० सारखा ज्वलन चुकल्याचा संकेत सोबत आहे काय, हे प्रथम पाहावे. तसे असल्यास जुना उत्प्रेरक खरोखरच मेला होता. परंतु त्यास मारणारे कारण इंजिनातच राहिले होते आणि तेच नव्यासही मारीत होते.