बिरड्याच्या सणाचे वाल : शेतापासून ताटापर्यंत

आव महिना जवळ आला की आपल्या घरांत बिरड्याची आठवण निघते. तिशा बेआवला आपले वाडवडील ‘बिरड्याचा सण’ म्हणत आणि उपास सुटताना ताटात वालाचे बिरडे व भात असे. हाइम सामुएल केहिमकर यांचा आपल्या समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला, त्यातही सणांची ही मराठी नावे आहेत. आज आपण वालाचे पाकीट इंडियन दुकानातून आणतो. नातवंडे विचारतात, “हे येते कुठून?” आपल्याला उत्तर ठाऊक आहे, पण आपण ते सांगितले नाही तर पुढे कोण सांगणार?

आपले मूळ कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या बाजूला आपण ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात होतो. घाण्याच्या जोडीला पुष्कळ घरांची थोडी भातशेती असे आणि दारी माड असत.

पावसाळ्यात भात, आणि भात कापले की त्याच शेतात वाल. जमिनीत पावसाची ओल शिल्लक असते, तिच्यावर आणि थंडीतल्या दवावर हे पीक येते, पाणी द्यावे लागत नाही. वालाच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जंतू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, त्यामुळे पुढच्या भातालाही खत मिळते. थंडीत हिरव्या शेंगा खायच्या. उन्हाळा लागताना वाळलेली झाडे उपटून खळ्यावर झोडपायची, वाल पाखडून कडक उन्हात सुकवायचे आणि कीड लागू नये म्हणून राख चोळून कोठीत ठेवायचे.

आव येतो तो तिकडच्या भर पावसात. या दिवसांत मांस वर्ज्य, आणि पावसात ताजी भाजीही थोडी. तेव्हा कोठीतले वाल बाहेर निघत. बिरडे आपल्या सणाला कसे आले असेल, ते यावरून समजते.

आता कृती. आपल्या आया ‘अंदाजाने’ म्हणत, माप कुणी लिहून ठेवले नाही. चार-पाच माणसांना दोन वाट्या वाल आणि एक नारळ पुरतो. वाल अख्खे घ्यावेत, डाळीला मोड येत नाहीत. ज्या संध्याकाळी उपास सुटणार, तिच्या दोन रात्री आधी ते भरपूर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी पाणी ओतून टाकून, धुऊन, ओल्या फडक्यात घट्ट बांधावेत. इथल्या उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, हिवाळ्यात जास्त वेळ लागतो. सण शब्बाथला लागून आला तर मोड आधीच आणून फ्रीजमध्ये ठेवावेत.

मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साल सैल होते. बोटांनी दाबले की दाणा सुटतो. हे वेळखाऊ काम आहे, म्हणूनच पूर्वी ते चारचौघी बसून करीत. कच्चे वाल तोंडात टाकू नयेत, त्यांत विषारी अंश असतो. भिजवलेले पाणी फेकावे आणि वाल पूर्ण शिजवावेत.

नारळ खवून, कोमट पाणी घालून पिळावा. पहिले दूध दाट, दुसरे पातळ. तेलात कांदा परतून लसूण, हिरवी मिरची, हळद घालावी, मग वाल आणि पातळ दूध. मंद आचेवर शिजू द्यावे. दाणा नरम झाला पाहिजे, पण मोडता कामा नये, म्हणून पळी हलक्या हाताने फिरवावी. वाल शिजल्यावरच आमसुले आणि मीठ घालावे, कारण आंबट आधी पडले तर दाणा लवकर शिजत नाही. शेवटी दाट दूध घालून एक वाफ काढावी आणि वर कोथिंबीर. दाट दूध खळखळ उकळले तर फाटते.

नारळाचे दूध पार्वे आहे. म्हणून तोच दारचा नारळ मासळीला, मटणाला आणि बिरड्यालाही चाले. कश्रुत सांभाळायला आपल्या बायकांना दुसरे काही शोधावे लागले नाही.

इस्राएलला आलो तेव्हा शेत, घाणा आणि माड मागे राहिले. हातांना मात्र सोलायचे काम अजून आठवते. बोटे आता दुखतात, डोळ्यांना कमी दिसते, हेही खरे. म्हणून यंदा वाल एकट्याने सोलू नका. नातवंडांना शेजारी बसवा, त्यांच्यासमोर परात ठेवा आणि सोलता सोलता शेताची गोष्ट सांगा. वाल, मोड, खवणी, आमसूल हे शब्द त्यांना हिब्रू अक्षरांत लिहून द्या. पाकीट दुकानात मिळेल, पण ही गोष्ट त्यांना आपल्याकडूनच मिळणार आहे.