फोन कुणाच्या हातात?

आमच्या वरूडला आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली, की घरातला प्रत्येक हात संत्र्याच्या बागेत लागतो. अशाच एका तोडणीत शेजारच्या मावशींच्या उपचारांत खंड पडला. गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. नागपूरला शेक, म्हणजे किरणोपचार, चालू होते. जुलाब आणि लघवीची जळजळ सुरू झाली, म्हणून त्या घरी निघून आल्या. दवाखान्याचा फोन आला तो मुलाच्या मोबाईलवर. आईला नेमकं काय होतंय, हे विचारायला त्याची जीभ रेटेना. मावशी मला म्हणाल्या, "पोराले कसं सांगू बाई, कुठं आग होते ते?"

मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसापासून या विषयावरचे शोधनिबंध शब्दकोश हाताशी घेऊन वाचू लागले. पहिली गोष्ट कळली ती अशी: या आजारात बहुधा आठवड्याचे पाच दिवस, सुमारे पाच आठवडे बाहेरून किरण देतात, नंतर आतून. सगळं आठ आठवड्यांच्या आत संपावं लागतं. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. जुलाब आणि जळजळ यांवर औषध असतं. ते उपचार सोडण्याचं कारण नव्हे.

हे वेळेवर सांगणारं कुणी हवं. महाराष्ट्रात याचा अनुभव जुना आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने 1987 साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कर्करोग नोंदणी सुरू केली. कार्यकर्ते नोंदीसाठी गावोगाव फिरत, तशी लक्षणंही समजावून सांगत. पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण वाढलं.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. किमान दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. एका गटात त्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, माहिती दिली आणि सौम्य ॲसेटिक आम्ल लावून तपासणी केली. दुसऱ्या गटाला सुरुवातीला एकदाच माहिती दिली. पहिल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. हे श्रेय मुख्यतः तपासणीचं. पण दार पुन्हापुन्हा ठोठावणारी ओळखीची बाई नसती, तर तपासणीला आलं कोण असतं?

मोबाईल हे काम रोज करू शकतो, पण काही अटींवर. नोंदीत नंबर बाईचा हवा. तिचा फोन नसेल तर तिच्या विश्वासातल्या बाईचा. बोलायची वेळ तिला विचारून ठरवावी. लेखी संदेशापेक्षा आपल्या बोलीतला आवाज बरा. पलीकडे तिचं ऐकणारी बाई हवी. आणि एक दिवस चुकला, की त्याच संध्याकाळी फोन जायला हवा.

मावशींना मी स्वतः नागपूरला परत नेलं. उपचार पूर्ण झाले, पण बारा दिवस वाया गेले होते. दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या बारा दिवसांमुळेच, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही.

ही दिवाळी घरी असाल तर आई, मावशी, काकू यांना एक विचारा. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून जातंय का? संबंधानंतर रक्त दिसतं का? घरातल्या बाईनेच विचारा. उत्तर 'हो' आलं, तर तोडणी थांबू द्या, आधी दवाखाना.